ओडेसाबाईंची ओटी

सर्वांनी कृपया उभे राहावे. ज्यांचे गुडघे ऐकत नाहीत त्यांनी बसल्या जागी पाठ ताठ करावी, मोबाइल बंद करावेत आणि तोंडात काही असल्यास गिळून टाकावे. सस्कॅचवान प्रांताची राजधानी रेजिना येथून अत्यंत गंभीर स्वरूपाची घोषणा करण्यात येत आहे. अमेरिकेतल्या ब्लूज संगीताच्या इतिहासात हळदीकुंकवाचा अधिकृत प्रवेश झालेला आहे. एका विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात एका जुन्या तबकडीची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात 'सद्यःस्थिती' या मथळ्याखाली, भेग आणि ओरखडे यांच्या पंक्तीला, 'हळद, कुंकू व तांदळाचा एक दाणा' असं स्वच्छ इंग्रजीत नमूद आहे.

बसा आता.

हा ऐतिहासिक प्रवेश ज्यांच्या हातून झाला त्या शकुंतला वानखेडे, म्हणजे आमच्या शकूकाकू. मूळच्या नागपूरच्या. वानखेडेकाका मातीचे शास्त्रज्ञ होते आणि इथल्या सरकारी शेतीखात्यात नोकरीला लागले ते इतक्या पूर्वी, की आज आमच्या मराठी मंडळात जे तावातावाने घटनादुरुस्ती मागतात त्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू त्या जुन्या लाकडी दुमजली घरात एकट्या राहत. उंचीने एवढ्याशा. थंडीत साडी वर खोचून स्नो बूट चढवत, त्यावर काकांचा गुडघ्याखाली येणारा पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट, घालत आणि ड्राइव्ह-वे स्वतः शोव्हल करत. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटे, की एक पार्का आपला आपण बर्फ काढतो आहे.

काकूंची एक सवय इथेच सांगून ठेवते, कारण पुढे ती लागणार आहे. उभं राहून बोलणाऱ्या माणसाचं काकूंना ऐकू येत नसे. कानांना काही झालेलं नव्हतं. तत्त्वाचा प्रश्न होता. "आधी बस," हे पहिलं वाक्य. मग चहा. मग काय ते बोला. गॅसचं मीटर बघायला येणारा माणूस त्यांच्याकडे बसून मीटर बघायचा. रेजिनात पोस्टमन पुष्कळ असतील, पण पार्सलची सही सोफ्यावर बसून, हातात चिवड्याची वाटी घेऊन नेणारा आमच्या काकूंचाच. एकदा दोन सुटाबुटातले धर्मप्रचारक दारात आले. त्यांना बसवून काकूंनी अशी काही कोथिंबिरीची सांबारवडी खाऊ घातली, की निघताना आपली पुस्तकं द्यायची ते विसरले.

आणि काकूंची दुसरी सवय म्हणजे ओडेसाबाई.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मला वाटलं, की या नावाची कुणी भाडेकरू वर राहते. "हा रंग ओडेसाबाईंना नाही आवडायचा." "ओडेसाबाई असत्या तर या कणकेला हातही लावला नसता." चहाचा कप हातात घेऊन मी जिन्याकडे बघत बसले, की बाई आता उतरतील. शेवटी धीर करून विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, त्या जाऊन जमाना झाला. तळघरात असतात."

माझा कप बशीत वाजला.

तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या मागे, हँडल फिरवून चालवायचा एक भोंगेवाला ग्रामोफोन होता आणि एक पत्र्याची ट्रंक. काका-काकूंनी घर घेतलं तेव्हाच्या. काका म्हणाले, भंगारात देऊ. काकूंनी हँडल फिरवून एक तबकडी लावून बघितली, आणि काकांना सांगितलं, "ही बाई आपल्या आधीपासून इथं राहून राहिली. आपण कोण तिला काढणारे?" तेव्हापासून ओडेसा टिपेट ही विस्मृतीत गेलेली ब्लूज गायिका रेजिनाच्या वानखेडे कुटुंबाची सदस्य झाली. हिराबाई, तशा ओडेसाबाई. गाणाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची नाही, असा काकूंच्या माहेरचा दंडक होता.

ओडेसाबाईंचं चरित्र काकू सांगत ते बरंचसं शेजारच्या एका आजीबाईंकडून ऐकलेलं होतं. त्या आजीबाई लहानपणी ओडेसाबाईंना प्रत्यक्ष ओळखत होत्या. उरलेलं चरित्र काकूंनी मनाने पूर्ण केलं होतं, आणि दोन्हींतला सांधा कुठे आहे ते कळू देत नसत.

"खालच्या अमेरिकेतल्या बाई. कापसाच्या शेतातल्या. आमच्या विदर्भासारखंच समज. तंबूत गायच्या, गावोगाव. आपला तमाशाचा फड असतो नं, तसंच बाप्पा, फक्त लावणीच्या जागी ब्लूज. मग कंपनीवाल्यांनी बोलावलं रेकॉर्ड करायला. तेव्हा माइक कुठला? भोंग्यात तोंड घालून गायचं. बाकीच्या बाया गायल्या तोंड घालून. ओडेसाबाई गायल्या तर सुईच उडाली! मग बाईला मागं नेलं. तरी उडून राहिली. शेवटी दाराजवळ नेऊन उभं केलं, अर्धी खोलीत, अर्धी बाहेर. तेव्हा कुठं त्या मशीनला सोसवलं."

इथे काकू अभिमानाने माझ्याकडे बघत. मी अचंबा करायचा. माझा अचंबा पुरेसा वाटला नाही तर सुई पुन्हा उडायची.

"मग?"

"मग काय? थोड्या रेकॉर्डी निघाल्या. मग मंदी आली, कंपनी बुडाली. तंबू फिरत फिरत इकडं वर आला, कॅनडात. रेजिनात आला आणि मॅनेजर पळाला."

"अरेरे!"

"अरेरे काय? मॅनेजर पळतोच. बाई अडकल्या इथं, अंगावर पातळ कोट, बाहेर हे असं बर्फ. काळ्या म्हणून हॉटेलवाले खोली देईनात. तेव्हा आपल्या या घरात रेल्वेवाल्यांची खाणावळ होती. मालकीण म्हणाली, स्वयंपाक येतो का? झालं. राहिल्या त्या राहिल्याच, मरेपर्यंत. याच ओट्याशी." आणि काकू ओट्यावर हात ठेवत. ओटा काकांनी दोनदा बदलून घेतला होता, पण ते बोलायची सोय नव्हती. "रांधता रांधता गायच्या. रेल्वेचे लोक पोट भरलं तरी पोळ्या मागत, का तर बाईंनी गाणं थांबवू नये. आजीबाई तेव्हा पोर होत्या, मागच्या पायरीवर बसून ऐकत. त्या म्हणायच्या..."

इथे काकू दरवेळी ओटा पदराने पुसत.

"त्या म्हणायच्या, तिला बसलेलं कधी पाहिलं नाही."

आणि मग एकदम, "तू आणखी एक वडी घे."

आता गणेशोत्सव. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात 'ज्येष्ठांचा कलाविष्कार' नावाची एक जागा असते. ती नाट्यछटा आणि आरती यांच्या मधे असते, आणि त्या वेळात लोक washroom ला जाऊन येतात. एका वर्षी काकूंनी नाव दिलं. अध्यक्षांनी गृहीत धरलं, की भक्तिगीत. काकू स्टेजवर आल्या, नऊवारी नेसून, आणि पाहुण्या गोऱ्या मंडळींसाठी आधी इंग्रजीत निवेदन केलं: "धिस साँग इज ऑफ ओडेसा टिपेट. शी वॉज कुक इन माय हाऊस. व्हेरी बिग व्हॉइस." मग पेटीवाल्याकडे बघून मान डोलावली, आणि सुरू केलं. शब्द मराठी, काकूंनीच केलेले. चाल ओडेसाबाईंची.

"पहाटेच्या गाडीनं गेला, भांडी माझ्या गळ्यात,
अगं, पहाटेच्या गाडीनं गेला, भांडी माझ्या गळ्यात..."

ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात. हे आमच्या मंडळाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. सगळ्यांना वाटलं, काकू पुढचं विसरल्या. पडद्यामागून नाट्यछटेवाली प्रॉम्प्टर धावून आली, पण काय सुचवणार? घाबरून तिने 'सुखकर्ता' सुरू केलं. काकूंनी तिकडे लक्षही दिलं नाही. डोळे मिटले आणि तिसरी ओळ सोडली:

"पाय म्हणती बस जरा, कुणी बस म्हणेना घरात."

आमचे अध्यक्ष भला माणूस. पहिल्या रांगेतून तीरासारखे उठले, घडीची खुर्ची उचलली, स्टेजवर चढले, खटकन उघडली आणि काकूंच्या मागे लावली. सभागृहात टाळ्या. काकू बसल्या नाहीत. एका हाताने खुर्ची बाजूला सरकवून उभ्यानेच सगळं गाणं संपवलं. तेव्हा washroom ला गेलेली मंडळी दारात उभी राहून ऐकत होती. संपल्यावर माइकमध्येच अध्यक्षांना म्हणाल्या, "मला नको होती भाऊ. तिला द्यायची होती."

कुणीतरी याचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला, आणि पानं गळायच्या सुमाराला काकूंच्या दारात डग आला.

डग म्हणजे दारातून वाकून आत येणारा, पांढऱ्या दाढीचा, विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात काम करणारा गृहस्थ. आयुष्यभर जुन्या तबकड्यांच्या मागे फिरून त्याची नजर अशी झाली होती, की माणसाशी बोलतानाही तो त्याच्या मागच्या शेल्फकडे बघे. "मिसेस वानखेडे," तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "तुम्ही गायलात ते गाणं ओडेसा टिपेटच्या कुठल्याही माहीत असलेल्या रेकॉर्डवर नाही. ते तुम्हाला कुठे—"

"फर्स्ट सिट," काकू म्हणाल्या.

खाऊन झाल्यावर त्याला तळघरात नेलं. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, पांढऱ्या कोऱ्या लेबलवर पेन्सिलीने फक्त नाव लिहिलेली ती तबकडी पाहिली आणि एवढा मोठा माणूस वॉशिंग मशीनला टेकून रडायला लागला. त्याने मग समजावून सांगितलं, की हा नमुना आहे. कंपनीने बाजारात कधी आणलाच नाही. ओडेसाबाईंचं शेवटचं ध्वनिमुद्रण. बहुधा जगात एवढी एकच प्रत. ती विद्यापीठात नेऊन गाणं नीट उतरवून घ्यायला हवं, म्हणजे बाईंचा आवाज कायमचा राहील.

काकूंनी सरळ नाही म्हटलं. "बाहेर बर्फ पडेल आता. कुठं नेता तिला?"

मग डग दर शनिवारी यायला लागला. त्याला वाटे, आपण हळूहळू मन वळवतो आहोत. काकूंना वाटे, याला घरी कुणी खायला घालत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. इकडे दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या कोक्विटलामहून काकूंच्या मुलाचे, नितीनचे, फोन सुरू झाले होते. घर विकायचं, आईला वसंतात आपल्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, न्यायचं, हे ठरल्यासारखं होतं. काकूंनी येण्याला विरोध केला नव्हता. फक्त विचारलं होतं, "ओडेसाबाई कुठं राहतील?"

"आई, इट्स जस्ट अ रेकॉर्ड."

त्या दिवशी काकूंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "माझ्या पोटचा आहे, पण कधी कधी मॅनेजरसारखा बोलतो."

कोंडी फोडली ती डगने, आणि त्यालाही ते कळलं नाही. एका शनिवारी उपमा खाता खाता सहज म्हणाला, की या जुन्या तबकड्या लाखेपासून करत, आणि ती लाख जहाजं भरभरून हिंदुस्थानातून यायची.

काकूंच्या हातातला डाव हवेतच थांबला. "लाख? बांगड्यांची?"

काकू उठल्या, आत जाऊन आपल्या लग्नातली लाखेची बांगडी घेऊन आल्या, आणि तबकडीशेजारी टेबलावर ठेवली. दोन्हींकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग समाधानाने म्हणाल्या, "तरीच. मी म्हणत होती नं, ही बाई ओळखीची कशी वाटते. माहेरचीच निघाली." आणि डगकडे वळून: "डगभाऊ, यू टेक. बट ब्रिंग बॅक. शी इज माय..." शब्द सापडेना. मी म्हटलं, डॉटर फ्रॉम मदर्स हाऊस. डगने मान हलवली. त्याला काहीही समजलं नव्हतं, पण 'टेक' समजलं होतं.

संक्रांतीनंतरचा दिवस ठरला. आणि आता आपण सुरुवातीला सांगितलेल्या त्या हळदीकुंकवाकडे आणि भेगेकडे येतो.

माहेरवाशीण घराबाहेर पडणार. तिची ओटी न भरता पाठवायची? आदल्या दिवशी दुपारी काकूंनी मला बोलावलं. पाटावर हिरवा खण, खणावर ती तबकडी. मी जरा चाचरत म्हटलं, "काकू, ओटी... म्हणजे तुम्ही..." काका नव्हते, आणि लोक काय काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. काकू शांतपणे म्हणाल्या, "ओडेसाबाईंचा तरी नवरा कुठं जागेवर आहे? पहाटेच्या गाडीनं गेला तो गेलाच. आम्हा दोघींचं आम्ही पाहून घेऊ. तू निरांजन धर."

मी निरांजन धरलं. काकूंनी ओली हळद लावली, ओलं कुंकू लावलं. काकूंचा हात देताना आखडत नसे. कुंकवाचा एक ओघळ लेबलवरून निघून बारीक रेघांमध्ये उतरला. मग ओंजळीने तांदूळ. सुपारी. खारीक. आणि मग नारळ.

कॅनडातल्या ग्रोसरीत मिळणाऱ्या नारळाला शेंडी नसते. इथे त्याची हजामत करून विकतात. गुळगुळीत, टक्कल पडलेला, धरायला काही नाही असा तो नारळ काकूंनी दोन्ही हातांनी उचलला. काकूंची बोटं अलीकडे थोडी थरथरत.

टक्.

एवढाच आवाज झाला. तांदूळ बाजूला केले तेव्हा कडेपासून आत गेलेली केसासारखी भेग दिसली.

इतका वेळ मी तुम्हाला हसवते आहे, पण ती दुपार हसण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, "काकू, बसा." बसल्या नाहीत. पुन्हा म्हटलं. ज्या बाईने पोस्टमनला कधी उभं राहू दिलं नाही ती ओट्याला पाठ लावून अंधार पडेपर्यंत उभी राहिली. मधे एकदाच बोलल्या. "सगळ्या जगातून वाचून माझ्याकडे आली होती गं. आणि मी नारळ टाकला तिच्या अंगावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी डग आला तेव्हा मी तिथेच होते. काकूंनी रात्रभर विचार करून एक उपाय शोधला होता: उजव्या हातात कापूस, डाव्या हातात सॅनिटायझरची बाटली, आणि समोर ओडेसाबाई. डगने दारातून ते पाहिलं, आणि त्याच्या वयाच्या माणसाने मारू नये अशी उडी सोफ्यावरून मारली. "नो! नो अल्कोहोल!" लाख अल्कोहोलमध्ये विरघळते हे आम्हाला कुठे ठाऊक? अजून दोन पुसण्या झाल्या असत्या तर ओडेसाबाई कापसात गेल्या असत्या.

त्याने तबकडी उचलून उजेडात धरली. भेग पाहिली. हळद पाहिली, कुंकू पाहिलं. भेगेच्या तोंडाशी, अगदी कडेला, एक तांदळाचा दाणा घट्ट रुतला होता. मी त्याला ओटी म्हणजे काय ते माझ्या सरकारी इंग्रजीत समजावून सांगितलं. तो ऐकत ऐकत खाली बसला. काकूंनी सांगितलं नव्हतं तरी बसला.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "हा अपघात नाही. हा निरोप होता."

"सॉरी, डगभाऊ," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता.

डगने सांगितलं ते असं. विद्यापीठातल्या नव्या यंत्राची सुई नाजूक. भेगेवरून आणि कुंकवावरून ती उडणार. तबकडी हलवायची सोय राहिली नाही. थंडीत गाडीत घातली तर भेग वाढेल. एकच मार्ग. तळघरातला जुना ग्रामोफोन, त्याचा तो नांगरासारखा जड हात, वर आणायचा; भोंग्यासमोर माइक लावायचा; आणि इथेच, या खोलीत, एकदा वाजवायचं. एकदाच. दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही. तो दाणाही काढायचा नाही. काढला तर कडेचा तुकडाच निघून यायचा.

"अँड नो टॉकिंग," तो काकूंकडे बघून म्हणाला. "खोलीतला प्रत्येक आवाज त्यात येईल."

इथे मला थोडं पुढे जाऊन यायचं आहे. काकू आता नाहीत. वसंतात त्या कोक्विटलामला गेल्या, आणि पुढच्या वर्षी एका दुपारी, जेवणानंतर, खिडकीजवळच्या खुर्चीत, कुणालाही त्रास न देता गेल्या. ते ध्वनिमुद्रण मात्र संग्रहात आहे, आणि कुणालाही ऐकता येतं. त्याच्या अगदी शेवटी एक गोष्ट आहे. ती कापून टाकायला डगच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं. डगने मला फोन करून त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि मग तो वरिष्ठांशी इतका भांडला की ती तशीच राहिली. नितीन अधूनमधून ते लावतो. सुरुवातीपासून नाही. तो थेट शेवटच्या मिनिटावर जातो. मागे तो मला म्हणाला, "ताई, आय डोन्ट इव्हन लाइक ब्लूज." आणि पुन्हा तेच मिनिट लावलं.

तर, तबकडी वाजवायचा तो दिवस. नितीन सामान बांधायला म्हणून आला होता, आणि येताक्षणी डगने त्याला कामाला जुंपलं. फ्रिजचा प्लग काढ. घड्याळ गॅरेजमध्ये ठेव. मोबाइल सगळे गाडीत. फर्नेस बंद कर.

"फर्नेस? इट्स मायनस थर्टी आउट देअर!"

"ती पातळ कोटावर आली होती इथं," काकू म्हणाल्या. "बंद कर."

घर भराभर गार झालं. आम्ही पार्का चढवले. डग म्हणाला, पार्का सरसर वाजतात, काढा. तेव्हा काकूंनी गोधड्या काढल्या, नागपूरच्या साड्यांच्या. एक माझ्यावर, एक नितीनवर, आणि सगळ्यात मोठी डगवर, तरी त्याचे पाय बाहेर राहिले. ध्वनिसंग्रहातला तो तज्ज्ञ जांभळ्या फुलांच्या गोधडीत, कानांवर हेडफोन लावून बसलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. काकूंनी स्वतःवर विश्वास न ठेवता ओटीतली ती सुपारी तोंडात धरली, म्हणजे बोलता येऊ नये. मग हँडल फिरवलं, आणि जड हात हळूच खाली सोडला.

आधी खरखर. मग प्रत्येक फेऱ्याला, भेगेवरून सुई जाताना, टक्... टक्... टक्. नारळ असा ताल धरून बसला होता. कुंकू जिथे उतरलं होतं तिथे आवाज थोडा घोगरा होई, आणि पुन्हा निघून वर येई. आणि त्या सगळ्याच्या मागून, दाराजवळ उभ्या केलेल्या बाईचा तो आवाज. मी काकूंच्या तोंडून गाणं ऐकलं होतं. पण हे म्हणजे कुणी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन आपल्यासमोर उभं राहावं तसं होतं. इंग्रजी शब्द मला नीट कळत होते. गाडी गेली. तो गेला. ताटं वाढली. पाय म्हणतात बस, पण कुणी बस म्हणत नाही. दुसऱ्या कडव्यात तेच. तिसऱ्यात तेच. नितीन गोधडीतून भोंग्याकडे बघत होता, आणि तोंडातून वाफ निघत होती तरी गोधडी वर ओढून घ्यायचं विसरला होता.

सुई भेगेवरून जात राहिली. उडाली नाही. शेवटची ओळ आली, बाईंनी ती लांबवली, लांबवली, आणि सोडली. गाणं पूर्ण झालं होतं. पूर्ण मिळालं होतं. डगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याने एक बोट वर धरलं होतं: अजून कुणी बोलायचं नाही, सुई शेवटच्या रेघेत फिरते आहे, माइक चालू आहे.

मी काकूंकडे पाहिलं. त्या भोंग्यासमोर, गोधडी खांद्यावरून घसरलेली, उभ्या होत्या. त्यांनी सुपारी तोंडातून काढून मुठीत घेतली, दुसऱ्या हाताने शेजारची खुर्ची भोंग्यासमोर ओढली, तिचा फरशीवर करकर आवाज झाला, आणि काकू घरभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"बस वं बाई आता. थकली असशील. चहा मांडते."